शेंदराची पुट्टी

आमच्या आईने बाबांशी भांडणं बंद केलं, त्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे. आईचं भांडण म्हणजे आमच्या क्वार्टरचं घड्याळच होतं. सकाळी आधी भिलाईच्या स्टील प्लांटचा भोंगा व्हायचा आणि पाठोपाठ आईचा. "अवो, चाय थंडी होऊन राहिली. काय सुरू हाय तुमचं त्या मच्छ्यांपाशी?" मग डबा, मग टोपी, मग सायकलची चावी, एकेका वस्तूवरून आईचा आवाज चढत जायचा आणि बाबा फाटकापर्यंत पोचले की शेवटचं वाक्य त्यांच्या पाठीवर येऊन पडायचं. "मुक्या जनावराशी बोलाले टाइम हाय तुमाले, बायकोशी बोलाले नाई!" बाबा सायकलवर टांग टाकता टाकता म्हणायचे, "ते उलटून बोलत नाई ना!" हे रोज. पाळी बदलली की भांडणाची वेळ बदलायची, मजकूर तोच. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि दोन्ही कानांत बोटं घालून धडा पाठ करायची. ह्या घरात एक दिवस शांतता नांदावी, म्हणजे मी पहिली येऊन दाखवीन, असं मला वाटे.

आमचं क्वार्टर मरोद्याच्या बाजूला होतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे आंगणात पेरूचं झाड. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत लालसर धूळ बसायची आणि तीही आईच्या मते बाबांचीच चूक होती. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकरी घरातले, प्लांटमध्ये फिटर म्हणून लागले. लोखंडाशी त्यांचं जमायचं. पुढच्या खोलीतली काचपेटी त्यांनी स्वतः बनवली होती. कबाड्याकडून लोखंडी अँगल विकत आणून त्याची चौकट केली, कुठल्याशा दुकानातल्या मोडक्या शोकेसच्या काचा कापून बसवल्या आणि चौकट नि काच ह्यांच्या मधल्या फटीत पुट्टी भरली. पुट्टी अंगठ्याने दाबत दाबत नेली होती, म्हणून आतल्या कडेने अंगठ्याच्या खुणांची एक रांगच उमटली होती. त्या पेटीत लाल मासे होते. शेजारच्या बंगाली काकी पहिल्यांदा आल्या तेव्हा पेटीसमोर उभ्या राहून कितीतरी वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "खाते नहीं हो?" आई म्हणाली, "नहीं." "सिर्फ देखते हो?" "हाँ." काकींनी माझ्या बाबांकडे जसं पाहिलं, तसं माणूस वेड्याकडे पाहतो.

त्या उन्हाळ्याआधीच्या हिवाळ्यात बाबा एका सकाळी न्हाणीत पडले. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून संक्रांतीनंतर घरी आले तेव्हा उजवा हात मांडीवर कोणीतरी आणून ठेवल्यासारखा पडलेला असायचा आणि जीभ शब्दाशी जाऊन अडायची. डॉक्टर आईला म्हणाले होते, "इनका मन किसी चीज में लगा रहना चाहिए." आईने ते मंत्रासारखं धरलं. खुर्ची काचपेटीसमोर लावली. बाबा दिवसभर तिथे बसायचे. डाव्या हाताच्या नखाने काचेवर टकटक करायचे, मासे तोंड वर करून त्या जागी जमायचे, आणि बाबांच्या ओठाची चांगली बाजू जराशी हलायची. तेवढंच.

आणि आई गोड बोलायला लागली. "उघडा बरं तोंड. थोडीशीच बासी खा. चांगली हाय, कांदा टाकला मी." रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खायचा, ही इथली, छत्तीसगढची रीत आमच्या घरातही आली होती. पूर्वी बाबांनी बासी मागितली की आई म्हणायची, "कावून? मी ताजं रांधत नाई काय?" आता ती चमचा घेऊन समोर बसायची आणि लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात बोलायची. बाबा चमच्याकडे बघायचे, तिच्याकडे बघत नसत.

आता माझं ऐका. घर शांत झालं म्हणून मी खूश झाले. पंधरा वर्षांची घोडी, दोन वेण्या, शास्त्रात सगळ्यांत जास्त मार्क, आणि अक्कल पाहाल तर पेरूच्या बीएवढी. बाप खुर्चीला खिळलेला, आई स्वतःचा आवाज गिळून बसलेली, आणि ही बाई आतल्या खोलीत कानांतली बोटं काढून मोकळेपणाने पाठांतर करते आहे! त्या पोरीला भेटायची सोय असती तर मी तिची एक वेणी तरी ओढली असती.

चैत्रात आईने लोणच्याच्या बरण्या काढल्या. आमच्याकडे बरणी धुतली की ती कडक उन्हात पालथी-उताणी करून खणखणीत वाळवायची, ओलाव्याचा थेंब राहिला तर लोणच्याला बुरशी येते. तर आई बरण्या धूत होती आणि तिची नजर काचपेटीवर गेली. काचांवर आतून हिरवं साचलं होतं. बाबांना आधीच उजवीकडचं नीट दिसत नव्हतं. तिला वाटलं असेल, पेटी लख्ख करून द्यावी, त्यांचं मन आणखी लागेल. तिने मासे ॲल्युमिनियमच्या टपात काढले, बाबांना सांगितलं, "आताच घासून आणते, बसा," आणि मी नि ती अशी दोघींनी मिळून ती जड पेटी आंगणात नेली. राखेने घासली, धुतली, आणि बरण्यांच्या ओळीत उन्हात ठेवून दिली. भिलाईचं चैत्रातलं ऊन. सकाळपासून दिवस कलेपर्यंत.

वर्षानुवर्षं पाण्याखाली राहिलेली पुट्टी अशी वाळली की आकसते, काचेपासून सुटते. हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मलाही नव्हतं, फक्त नंतर मी ते आधीपासून माहीत असल्यासारखं सगळ्यांना समजावून सांगत फिरले.

संध्याकाळी पेटी जागेवर ठेवून पाणी भरलं. अर्ध्यापर्यंत आलं असेल नसेल, चारी कोपऱ्यांतून धारा लागल्या. पाणी टेबलावरून फरशीवर, फरशीवरून बाबांच्या पायांपाशी. मी पळत फडकं आणलं. आई जागची हलली नाही. पूर्वीची आई असती तर तिने बाबांनाच धारेवर धरलं असतं, असं कसं बनवलं तुमी, एक ऊन सोसवत नाई तुमच्या पेटीले! मी खरंच त्याची वाट पाहत होते. ती ओल्या फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "माह्या हातानं गेलं."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बासीचा चमचा डाव्या हाताने बाजूला सारला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रात्री आईने कढीगोळे केले, कढीत शिजवलेले डाळीचे गोळे, त्यांच्या फार आवडीचे, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. आई त्या वाटीशी तशीच बसून राहिली. त्या रात्री पहिल्यांदा मला आमच्या घरातल्या शांततेचं भय वाटलं.

मग मी कंबर कसली. शास्त्राच्या पुस्तकात पाण्याच्या दाबाचा धडा होता, तो आईला वाचून दाखवला, आकृतीसकट. आणि एवढा दाब समजावून सांगून झाल्यावर मी काय केलं असेल? फटींत कणीक भरली. घट्ट मळलेली, गव्हाची. पाणी टाकलं, तिची लापशी झाली. मग मेणबत्त्या वितळवून ओतल्या. मग रस्त्याचं काम चाललं होतं तिथून डांबर आणून बाहेरून थापलं, ते माझ्या फ्रॉकला, वेणीला आणि दाराच्या कडीला चिकटलं, काचेला तेवढं नाही. बंगाली काकी कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे बेटी, टंकी बना रही हो कि मालपुआ?" मी त्यांना दाबाचा धडा ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि घरात जाऊन दार लावून हसल्या. मला ऐकू येत होतं.

टपात मासे होते. वरून ओलं पोतं टाकलेलं, तरी दुपारी पाणी कोमट व्हायचं. एके दिवशी त्यांतला एक उलटा होऊन तरंगायला लागला. आईने त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं आणि हात धुऊन आत आली. बाबांना कोणी सांगितलं नाही. पण आई खोलीत आली तेव्हा त्यांनी तिच्या नखांतल्या मातीकडे पाहिलं.

त्यानंतर मला सुचलं ते एवढंच, की जुनी पुट्टी पूर्ण काढल्याशिवाय नवी बसायची नाही. मी सुरी घेतली आणि आतल्या कडेला टोक लावलं. आईने येऊन माझं मनगट धरलं. एवढ्या जोराने तिने मला कधी धरलं नव्हतं.

"हात नोको लावू त्याले."

"आई, जुनं काढाच लागते. नाई तर नवं चिकटत नाई."

"नाई चिकटलं तर नाई." तिने बोट फिरवत मला त्या खुणा दाखवल्या. एकामागे एक अंगठे, सगळे उजवीकडे जरासे झुकलेले. "हे पाह्य. हे त्यायच्या उजव्या हाताचं हाय. आता दुसरं काय हाय त्या हाताचं आपल्यापाशी?"

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "हात तर हाय ना त्यायचा, कुठं गेला?" आईने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती सुरी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि कांदे चिरायला बसली, नको असताना.

दोन-चार दिवसांनी दुपारची गोष्ट. बाहेर लू चालली होती, दारांना ओले टॉवेल अडकवून आम्ही दोघी आतल्या खोलीत लवंडलो होतो. पुढच्या खोलीतून आवाज यायला लागला. खर्र. मग थांबून पुन्हा, खर्र. आई आधी उठली. बाबा खुर्चीवर नव्हते. माझ्या खटपटींपासून पेटी खालीच ठेवलेली होती. भिंतीला धरत, घसरत ते तिच्यापर्यंत पोचले होते आणि फरशीवर बसून डाव्या हातातल्या सराट्याने, आईच्या पोळी उलटायच्या सराट्याने, आतली पुट्टी खरवडत होते.

"अवो! हे काय करून राहिले तुमी? सोडा ते!"

बाबा थांबले नाहीत. घामाने बनियन ओली झालेली, पाय वेडावाकडा दुमडलेला. सराटा निसटला की पुन्हा धरायचे. मग एक मोठा तुकडा अख्खा सुटून आला, त्यावर अंगठ्याची खूण जशीच्या तशी. बाबांनी तो हातात घेतला, पाहिला, कपाळाला लावला आणि आईसमोर धरला.

आई घेईना. बाबा हात तसाच पुढे करून बसले. त्यांनी दुसऱ्यांदा तो तुकडा कपाळाला लावला, पुन्हा पुढे केला, आणि नजर तिच्या पदरावर नेली.

बाबांच्या गावच्या मारुतीची हकिकत आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती मला पाठ होती. त्या मारुतीवर पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर चढत गेला होता, थरावर थर, इतका की नाक-डोळे काही राहिलेच नव्हते, नुसता शेंदराचा गोळा. बाबा लहान असताना एका सकाळी ती सगळी खोळ तडकून गळून पडली. बायका रडायला लागल्या, गावावर काहीतरी येणार म्हणून. मग म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं, देवानं खोळ टाकली, देव तिथंच हाय. ती खोळ कोणी फेकत नाही, पायदळी येऊ देत नाही. लोकांनी कपाळाला लावून एकेक तुकडा धोतराच्या सोग्यात, बायकांच्या पदरात गोळा केला आणि वाजतगाजत वैनगंगेत नेऊन सोडला. खाली दगडावर मारुतीचे डोळे स्वच्छ दिसत होते, असं बाबा सांगायचे, आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर पहिल्यापासून शेंदूर लावायला सुरुवात झाली.

आई खाली बसली आणि तिने पदर पसरला. बाबांनी तुकडा त्यात ठेवला आणि सराटा पुन्हा काचेला लावला. त्या दुपारी आमच्या घरात दुसरा आवाज नव्हता. खर्र, आणि पदरात पडणाऱ्या तुकड्याचा बारीक आवाज. मलाही खरवडायला बसवलं त्यांनी, पण माझ्या हातून निघालेला तुकडासुद्धा आधी त्यांच्या हातात द्यावा लागे. आई रडत होती. डोळे पुसायला तिला पदर मोकळा नव्हता.

पुढच्या शनिवारी आई नि मी बसने दुर्गला गेलो आणि शिवनाथेच्या पाण्यात ते तुकड्यांचं गाठोडं सोडलं. मला वाटलं होतं, एखादा तुकडा ती ठेवून घेईल. नाही ठेवला. पाण्याच्या कडेशी पदराचं टोक झटकून आली.

नव्या पुट्टीला काय काय लागतं ते बाबांनी खुणांनी सांगितलं. हवेत लिहिल्यासारखं करून खडू सांगितला, डोक्याला तेल लावून दाखवलं. मी खोबरेल आणलं, तर त्यांनी डोक्यावर हात मारला. मग आईने जवसाचं नाव घेतल्यावर मान हलवली. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडे बोट केलं. खडूची भुकटी, जवसाचं तेल आणि शेंदूर. शेंदराने पुट्टी पाण्यात कडक धरते. आज कोणी असं करू नये. माझी डॉक्टर होऊ घातलेली नात हे ऐकून किंचाळते, शेंदूर म्हणजे शिसं, आजी, जहर! बाबांनाही ते कळत असावं. मी कालवताना ओठ पुसायला हात उचलला, तर त्यांनी तो डाव्या हाताने फाडकन खाली पाडला, आणि काम संपल्यावर आम्हा दोघींचे हात साबणाने धुवून घेऊन, वास घेऊन पाहिले.

नातीच्या दुर्गमधल्या पद्मनाभपुरच्या घरात आता सगळीच काचेची पेटी आहे, चौकट नाहीच. मागच्या महिन्यात ती गळली. नातीने ब्लेडने जुनं सिलिकॉन काढलं, कडांना टेप लावला, नळीतून पांढरी रेघ सोडली. सिरक्यासारखा आंबूस वास घरभर. मला म्हणाली, "आजी, सूखने तक हात लावायचा नाही हं." ती हात धुवायला गेली आणि मी कोपऱ्यात अंगठा दाबून ठेवला. अजून तिला कळलेलं नाही. वाचेल तेव्हा कळेल.

तर आमची ती पुट्टी आईने मळली. बाबा मध्ये मध्ये तिचा गोळा दाबून पाहायचे, कड फाटली की मान हलवायचे, आई पुन्हा मळायला घ्यायची. अँगलवर जाड थर देऊन आधी तळाची काच, मग लांब बाजूच्या, मग आखूड. काचा धरायचं काम आमचं. दाबायचं काम बाबा कोणाला करू देईनात. डावा अंगठा, वाकडातिकडा, कुठे खोल, कुठे नुसता टेकलेला. एक बाजू झाली की भिंतीला टेकून डोळे मिटायचे, आई पाणी पाजायची, मग पुढची बाजू. काचा ढळू नयेत म्हणून आतून बांबूच्या काड्या आडव्या लावल्या. पुट्टी सुकेपर्यंत बाबा भिंतीकडे तोंड करून बसले नाहीत. पेटीकडे बघत बसले, आणि समोर आलेलं जेवले.

मग पाणी भरायचा दिवस. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. आई लोट्याने पाणी टाकत होती, सावकाश, देवाला घालावं तसं. अर्धं झालं. पाऊण झालं. आणि मागच्या कोपऱ्यात एक थेंब फुगला, ओघळला, खालच्या कागदावर डाग पडला. "गेलं!" मी ओरडले, "गेलं सारं!" आणि शास्त्रात पहिली येणारी मी भोकाड पसरून रडायला लागले. बाबांनी डाव्या हाताने माझं तोंड दाबलं आणि आईला खूण केली, आणखी भर. आईने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि लोटा बुडवला. पाणी काठाला आलं. थेंब येत राहिला. मग उशिरा यायला लागला. पाण्यानेच काच पुट्टीवर आवळत गेली. पुस्तकातला माझा तो दाब, जो मी सगळ्या गल्लीला समजावला होता. दिवेलागणीला आईने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. कोरडं होतं. तिने बोट तिथेच ठेवलं आणि ते कडेने पुढे नेलं, एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर. ह्या खुणा डावीकडे झुकलेल्या होत्या.

टपातले मासे तिने ओंजळीने पेटीत सोडले. बाबांनी नखाने टकटक केलं. मासे आधी इकडेतिकडे पळाले, मग आले. बाबांना आणखी जवळून बघायचं असावं. कोणाला न सांगता ते खुर्चीतून उठायला गेले, तोल सावरताना पाय टपाला लागला, आणि मासळीच्या वासाचं ते टपभर पाणी खोलीभर पसरलं. गादीखाली गेलं. तांदळाच्या पोत्याखाली गेलं.

आई टपाकडे बघत उभी.

"डोये कुठं हायत तुमचे?" आई म्हणाली. आवाज पहिल्यांदा घोगरा निघाला, मग त्याने जागा धरली. "आं? आताच पुसली ना मी फरशी! एवढं उठाचं होतं तर सांगता नाई येत? तांदूळ भिजले माहे! गादी आता कोन वाळवन, तुमच्या मच्छ्या? दिवसभर त्यायच्याच तोंडाकडे पाहून राहिले, घरात बायको हाय, पोट्टी हाय, हाय काय काही ध्यान?"

बाबा भिंतीला धरून उभे होते. तोंडाची एक बाजू हसत होती, दुसरी जमेल तशी तिच्यामागे जात होती. त्यांनी डाव्या हाताने माशांकडे दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर आडवं ठेवलं.

"हाव, समजली मी! ते उलटून बोलत नाई!" आई ओरडली, आणि कुंपणापलीकडे बंगाली काकींचं दार उघडल्याचा आवाज आला.

मी आत जाऊन पुस्तक उघडलं. मग मिटलं. एवढ्या आवाजात अभ्यास कोण करणार.